धूर दाखवतो गळती

सिग्नलला थांबल्यावर इंजिनचा वेग आपोआप वर-खाली होऊ लागला, की संशय चिरलेल्या रबरी नळीवरही घ्यावा. आत जाणारी हवा सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सुटतं. सेन्सरच्या पुढे चीर असेल, तर न मोजलेली हवा घुसते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो. चीर कुठे आहे, हे मात्र तो सांगत नाही.

ते धूर सांगतो. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये दाट पांढरा धूर सोडायचा, उघडी तोंडं बुजवायची आणि टॉर्च मारून धूर कुठून बाहेर येतो ते पाहत बसायचं.

हौशी मंडळी धूर सोडणारं यंत्र घरीच करतात: घट्ट झाकणाचा डबा, तळाशी बेबी ऑइल (ते बहुधा सुगंधी मिनरल ऑइलच), १२ व्होल्टवर तापणारा ग्लो प्लग, हवा आत-बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या. तेल जळत नाही. त्याची वाफ थंड होऊन बारीक थेंबांचं धुकं बनतं.

खरी मेख दाबाची. टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा असते, इथे एकच्या आत पुरते. कॉम्प्रेसर थेट जोडलात, तर धडधाकट सीलही निकामी व्हायचं. म्हणून यंत्र विकत घेताना धुराच्या जाहिरातीपेक्षा रेग्युलेटर आणि गेज पाहावा. पेट्रोलच्या टाकीकडे मात्र घरगुती डबा अजिबात नेऊ नये: पेट्रोलची वाफ, हवा आणि तापलेला प्लग एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. तिथे व्यावसायिक यंत्रं नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू वापरतात.