पाणी ओसरल्यावर

पावसाळ्यात सांगलीच्या गावभागात, मारुती चौकात, सांगलवाडीत सकाळी पहिली चौकशी एकच असते : "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, ब्रह्मनाळला माणसं वाचवून आणणारी बोटच उलटली. पाठोपाठ कोरोना आला आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर. त्याच वेळी वर साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचून घरंच्या घरं गाडली गेली.

ही दोन संकटं एकाच पावसाची, पण मनावरचा त्यांचा घाव वेगळा. सांगलीत पाणी पायरीपायरीने चढतं, त्यामुळे आधी भीती येते. पाटणला माणसं आणि घरं एका रात्रीत गेली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८१ च्या अभ्यासात असाच फरक दिसला : धोक्याच्या घटनांमागून चिंतारोग अधिक येतो, गमावण्याच्या घटनांमागून नैराश्य. मानसोपचारतज्ज्ञ केनेथ केंडलर यांच्या पुढच्या संशोधनात नैराश्याच्या कारणांत अपमानही ठळकपणे पुढे आला. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. अवकाळीने घड कुजले तर तो सोसतो. पण माल नेलेला व्यापारी पैसे न देता पसार झाला आणि वसुलीवाला दारात उभा राहिला, की गावात मान वर करणं जड जातं.

तरी संकट आलं म्हणजे नैराश्य आलंच, असं नाही. ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कँबरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. मोठा आघात झालेल्यांपैकी साधारण पाचांतली एकच आजारी पडली होती. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात लहान मुलं जास्त असणं, हाताला काम नसणं आणि लहानपणीच आई गेलेली असणं, या गोष्टींनी धोका वाढत होता. आघात टाळता येत नाही, पण या चारांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत गावाला बरंच करता येतं, असं मला ठामपणे वाटतं.

मानसशास्त्रज्ञ लॅझरस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये संकटाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या : प्रश्नाला थेट हात घालणं आणि आपल्या भावना सांभाळणं. पुरानंतर पहिले काही आठवडे चिखल काढायचा असतो, पंचनामा करून घ्यायचा असतो, तरुण मंडळं मदतीला असतात. कामाने माणूस सावरलेला राहतो. मग मदतीच्या गाड्या थांबतात, कर्जाचा हप्ता येतो, ओल आलेल्या भिंती तशाच राहतात. खचण्याची खरी वेळ ही असते. या वेळी दारू, सगळ्यांना टाळणं, रात्रभर तेच तेच उगाळत बसणं, यांनी घटकाभर बरं वाटतं आणि दुखणं वाढतं.

उपचार मात्र हाताबाहेरचा नाही. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला. सोडून दिलेली कामं, भेटीगाठी थोड्याथोड्या पुन्हा सुरू करायच्या, हा त्याचा गाभा. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने जास्त गुण आला. आशाताई आपल्या गावोगाव आहेतच. पंचनाम्यासारखीच मनाच्या चौकशीची एक फेरी पुरानंतर तीन महिन्यांनी, म्हणजे नेमकी दिवाळीच्या सुमारास, व्हायला हवी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, सारखा स्वतःलाच दोष दिला जात असेल, तर तो आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. जिल्हा रुग्णालयात त्यावर उपचार मिळतात. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी "जीव नकोसा वाटतो का?" हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट अनेकांना पहिल्यांदाच बोलायला वाट मिळते. आणि उत्तर 'हो' आलं, तर त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातलं कीटकनाशक कुलपात ठेवावं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.