आवाज आधी, चित्र मागून

हिवरे बाजारच्या डोंगरावरचे समतल चर कॅमेऱ्यात येतात. चरांत साठलेलं पाणी येतं, खालच्या शिवारातली विहीर येते, तिची पातळीही येते. चर आणि विहीर यांच्या मधलं मात्र काहीच येत नाही. चरातून मुरुमात, मुरुमातून काळ्या पाषाणाच्या फटींत आणि तिथून विहिरीच्या झऱ्यापर्यंत पाणी कसं उतरतं, हे दाखवायला अजून तरी कुठला ड्रोन उपयोगी पडलेला नाही. पाणलोटावरचा माहितीपट इथवर आला की अडतो, आणि मग ॲनिमेशनवाल्याला फोन जातो. नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगरला) बसून मी हीच कामं करतो.

अशा कामात माझ्याकडे तीन गोष्टी येतात. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, एखाद्या शेतकरी बाईचं किंवा बुवांचं बोलणं, आणि जमिनीच्या पोटातलं जे चित्र मी काढायचं असतं ते. तिन्ही एका जागी आणायला मी ब्लेंडर वापरतो. फुकट आहे, हे पहिलं कारण. हे सॉफ्टवेअर मूळचं डच. २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी मोकळं करून घेतलं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट त्याच्यातच बनला. आपल्याकडची पोरं मात्र ब्लेंडर शिकतात ते घर, गाडी, रोबो उभा करायला. त्यातच एक व्हिडिओ सिक्वेन्सर आहे, त्यात फितीखाली फीत लावून चित्र आणि आवाज जुळवता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. क्लासमध्ये तो भाग शेवटच्या आठवड्यात उरकतात.

व्हिडिओ आत ओढला की दोन पट्ट्या पडतात, वर चित्राची आणि खाली आवाजाची. दोन्हींची लांबी सारखी दिसली नाही तर समजायचं की फ्रेमचा घोळ आहे. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम टिपतो, ब्लेंडर मुळात २४ धरून चालतो. जुन्या आवृत्तीत याचा हिशेब सरळ होता : एका मिनिटाच्या व्हिडिओच्या १,८०० फ्रेम २४ च्या गतीने चालायला ७५ सेकंद लागायचे. आवाज ६० सेकंदांतच संपायचा आणि पुढची १५ सेकंदं माणूस नुसते ओठ हलवत राहायचा. नव्या आवृत्तीत गती आपोआप जुळते, पण त्याहून चिवट रोग मोबाइलचाच आहे. उजेड कमी झाला की तो गुपचूप फ्रेम कमी करतो. उन्हातून गोठ्यात शिरताना घेतलेला एकच शॉट वेगवेगळ्या गतींचा निघतो, आणि आवाज सुरुवातीला बरोबर असून शेवटाकडे सरकत जातो. त्यावर इलाज एकच : आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून सगळे व्हिडिओ ठराविक गतीचे करून घ्यायचे. मी २५ ची गती ठेवतो, आवाज ४८,००० हर्ट्झचा. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला आवाजाचे बरोबर १,९२० नमुने येतात.

पण खरं काम सुरू होतं ते तोंडापाशी.

मागे एका फिल्मसाठी नगर तालुक्यातल्या एका मावशींचा आवाज घेतला होता. चित्रात त्यांच्यासारखीच एक बाई बांधावर उभी राहून बोलणार होती. मावशी म्हणाल्या, “पाऊस पडला की माती बी पाणी पिती.” मी म्हटलं, “मावशी, पुन्हा एकदा म्हणता का?” तर म्हणाल्या, “आरं, आत्ताच सांगितलं की!” ते दुसरंही मी ठेवलं, फिल्ममध्ये उपयोग झाला.

आता ते पहिलं वाक्य पाहा. त्यात सहा वेळा ओठ मिटतात : पा, प, मा, बी, पा, पि. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. बाकी आकार थोडे इकडेतिकडे झाले तर चालतात, पण उघड्या तोंडाने ‘म’ म्हणणारं पात्र लहान पोरसुद्धा पकडतं. इंग्रजी आवाजावरून तोंडाचे आकार बसवून देणारी साधनं आहेत, पण मावशींच्या नगरी बोलीशी त्यांचं जमत नाही. म्हणून मी हाताने बसवतो. आवाजाच्या पट्टीवर लहरींचं चित्र चालू करायचं, फ्रेम पुढेमागे सरकवली की आवाज ऐकू यावा अशी सोय करून घ्यायची, आणि जिथे ओठ मिटले तिथे एम दाबून खूण टाकायची. ओठ मिटण्याचा क्षण लहरीत दिसतोही : ‘प’च्या आधी रेघ जवळजवळ सपाट होते आणि लगेच उसळते. तोंडाचं चित्र मी त्या उसळीच्या एक-दोन फ्रेम आधी मिटवतो. बरोबर उसळीवर मिटवलं तर पाहणाऱ्याला पात्र उशिरा बोलल्यासारखं वाटतं.

याचं कारण रानात सापडतं. लांबच्या बांधावर कोणी बाभळीवर कुऱ्हाड घालत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. चित्रामागून आवाज येण्याची आपल्याला जन्मापासून सवय आहे, उलट्याची नाही. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मोजमापानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकतं, मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. २५ च्या गतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे चूक एका बाजूला जेमतेम एका फ्रेमची, दुसऱ्या बाजूला तीन फ्रेमची माफ.

हे सगळं तपासताना प्लेबॅकची सेटिंग आवाजाला बांधलेली हवी. नाहीतर साधा लॅपटॉप जमिनीचा जड छेद दाखवताना धापा टाकतो, चित्र रेंगाळतं, आणि आपण बरोबर असलेल्या खुणा उगाच सरकवत बसतो.

चित्र आणि आवाज जुळवण्याची ही धडपड काही नवी नाही. फाळक्यांनी काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली ती मूकपटाच्या दिवसांत, त्यामुळे त्यांना ही कटकट नव्हती. बोलपट आला तेव्हा फिल्मची गती सेकंदाला २४ वर पक्की करावी लागली, आणि तीही आवाजासाठीच. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’त वाद्यवृंदाला ताल कळावा म्हणून डिस्नेने फिल्मवर उड्या मारणारा ठिपका वापरला होता. नगर जिल्ह्याला तर आवाजाचं महत्त्व कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. श्रीगोंदा तालुक्यातल्या गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांच्या मेंढपाळांवरच्या ‘ख्वाडा’ या चित्रपटाला ज्या राष्ट्रीय पुरस्कारांनी गौरवलं, त्यांत एक जागेवर ध्वनिमुद्रण केल्याबद्दल होता. मेंढरांच्या वाड्याचा आवाज स्टुडिओत तयार होत नाही.

ॲनिमेशनला तर हे जास्तच लागू आहे. काढलेल्या चित्राला स्वतःचा आवाज नसतो. माझ्या जमिनीच्या छेदात निळी रेघ खाली उतरते तेव्हा तिच्याखाली इंटरनेटवरून उतरवलेला पाण्याचा खळखळाट घालणारे आहेत. तो बहुतेक वेळा थंड देशातल्या झऱ्याचा असतो. मुरणारं पाणी खळखळत नाही. मी तिथे चरातल्या ओल्या मुरुमावर पाय दाबून घेतलेला चिरचिर आवाज ठेवतो, त्याखाली डोंगरावरचा वारा. शहरातल्या माणसाला फरक सांगता येत नाही, गावातला माणूस मात्र मान डोलावतो.

शेवटी रेंडर. थेट व्हिडिओ काढायचा मोह टाळावा. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट तुटलेली व्हिडिओ फाइल अनेकदा उघडतच नाही. एकेक फ्रेम पीएनजी चित्र म्हणून काढली तर लाइट आल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं. मग ती चित्रं सिक्वेन्सरमध्ये ओळीने लावायची, खाली आवाज, आणि मगच एमपी४. तिथे ऑडिओ कोडेक ‘नो ऑडिओ’वर राहिला नाही ना, हे पाहून एएसी निवडावा. एवढी मेहनत करून फिल्म मुकी निघालेली मी इतरांकडे पाहिली आहे.

नव्याने शिकणाऱ्यांना माझं एकच सांगणं : मॉडेल नंतर करा, आधी आवाज गोळा करा. आणि गावात मुलाखत संपली की लगेच रेकॉर्डर बंद करू नका. माणसांना गप्प करा, मोटार चालू असेल तर चालू राहू द्या, आणि त्या जागेचा आवाज पूर्ण एक मिनिट नोंदवून घ्या. जोडणीत दोन वाक्यांमधली फट भरायला तोच लागतो, आणि तो नंतर कुठेही मिळत नाही.