घड्याळ मिर्झापूरचे, सूर्य अंदमानचा

अंदमानात डिसेंबरअखेर सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. त्या वेळी मुंबईत चांगले ऊन असते. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची. अंदमानची राजधानी त्याच्याही पूर्वेला सुमारे दहा अंशांवर, म्हणजे म्यानमारमधल्या यांगूनपासून फार दूर नाही. मुंबई आणि अंदमान यांच्यात वीस अंशांचे अंतर पडते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे माध्यान्ह तेथे मुंबईच्या सव्वा तासाहून अधिक आधी होते. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. महाराष्ट्रातून पहिल्यांदा जाणारे कुटुंब सवयीने नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडते, आणि निम्मा दिवस तेथेच हातचा जातो. पहाटे पाच-साडेपाचला दिवस सुरू करायचा आणि संध्याकाळी पाचला आटोपायचा, ही तिथली रीत. सहलीचे वेळापत्रकही त्याच मापाने आखावे लागते.

ही बेटे म्हणजे म्यानमारच्या आराकान योमा पर्वतरांगेचा समुद्रातून डोके वर काढलेला भाग. भारतीय भूपट्ट येथे पूर्वेकडच्या पट्टाखाली सरकतो. त्यामुळे भूकंप नेहमीचे, आणि बॅरन बेटावर भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात निकोबारच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली, तर उत्तर अंदमानचे काही किनारे वर उचलले जाऊन पोवळी उघडी पडली. पर्यटकांची वर्दळ फक्त अंदमानात. निकोबार त्यांच्यासाठी जवळपास बंदच आहे.

ऋतूंचे गणितही थोडे वेगळे. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही मे महिन्यातली बातमी महाराष्ट्रात आतुरतेने वाचली जाते, पण तो तेथून परत कधी जातो याची चौकशी कोणी करत नाही. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सरतो न सरतो तोच ईशान्येचा सुरू होतो. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर, म्हणजे ढोबळ मानाने कोकणाइतकाच पाऊस पडतो. मात्र कोकणात तो चार महिन्यांत उरकतो, येथे मेपासून डिसेंबरपर्यंत पसरतो. दिवाळीच्या सुट्टीत अंदमान गाठणाऱ्यांना हे माहीत असलेले बरे: त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळेही होतात. पाण्याखालचे पाहायचे तर जानेवारी ते एप्रिल उत्तम. तेव्हा समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ.

विमान उतरते ते पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर 2024 मध्ये या शहराचे नाव श्रीविजयपुरम करण्याचा निर्णय जाहीर झाला, बोलण्यात जुने नावच अधिक येते. सेल्युलर जेलबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. बाबाराव आणि तात्याराव सावरकर एकाच तुरुंगात असूनही दीर्घकाळ एकमेकांना भेटू शकले नव्हते, हेही अनेकांना ठाऊक असते. ते कसे शक्य झाले, हे इमारत पाहिल्यावर उलगडते. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात तिमजली शाखा मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत होत्या. एका शाखेच्या कोठड्यांची दारे पुढच्या शाखेच्या पाठीकडे, त्यामुळे दारातून समोर दिसे ती फक्त भिंत. जवळपास सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच कैदी, झरोका उंचावर. आज तीन शाखा उरल्या आहेत. बाकीच्या पडल्या किंवा पाडल्या गेल्या, त्यांच्या जागेवर रुग्णालय उभे आहे. दृक्-श्राव्य कार्यक्रम संध्याकाळी असतो, पण रचना समजून घ्यायची तर सकाळीच जावे.

पुढचा प्रवास बोटीचा. स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक आणि शहीद द्वीप म्हणजे नील. ही नावे डिसेंबर 2018 मध्ये बदलली. बहुतेक वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या निर्वासितांची, म्हणून गावांची नावे अगदी घरगुती. हॅवलॉकला राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर असा कृष्णाचा परिवार. नीलला सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर असा रामाचा. राधानगर आणि लक्ष्मणपूर पश्चिमेला तोंड करून आहेत, तेथे सूर्यास्त. हॅवलॉकचा कालापत्थर आणि नीलचे सीतापूर पूर्वेला, तेथे सूर्योदय. राधानगरला साडेपाचला पोचणाऱ्याला हिवाळ्यात अंधारच पाहायला मिळतो.

सूर्यानंतर दुसरे घड्याळ भरती-ओहोटीचे, आणि ते रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. लक्ष्मणपूरची नैसर्गिक दगडी कमान ओहोटीलाच नीट पाहता येते, कारण वाट खडकांमधल्या डबक्यांतून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे हटते, भांगाच्या दिवसांत तितके नाही. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला हे उपजतच कळते. पुण्या-नागपूरच्यांनी आदल्या संध्याकाळी हॉटेलात वेळ विचारून ठेवावी. त्या डबक्यांत पोवळी, समुद्रकाकड्या आणि छोटे मासे दिसतात. पोवळे हा सजीव आहे. त्यावर पाय पडला तर तो तुकडा मरतो, आणि बहुतेक पोवळी वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच वाढतात. 2010 मध्ये पाणी तापल्याने येथल्या पोवळ्यांचा मोठा भाग पांढरा पडला होता. स्नॉर्केलिंग करताना खाली उभे न राहणे, एवढे पथ्य पुरेसे आहे. काही खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तेव्हा किनाऱ्यावरची सूचनापाटी वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहने ठरावीक वेळी पोलीस बंदोबस्तात ताफ्याने सोडली जातात. वाटेत थांबणे, फोटो काढणे, काही देणे यांना कायद्याने बंदी आहे. ती बंदी 1956 च्या नियमनातून आली. या आदिवासींना बाहेरच्या साथीच्या रोगांची प्रतिकारशक्ती नाही, हे तिचे एक मोठे कारण. एवढे करूनही जंगलातली माणसे दिसावीत म्हणून खिडकीला नाक लावणारे प्रवासी असतातच. गुहा बऱ्या आहेत, पण पहाटे तीन-चारला उठून दिवस घालवण्याइतक्या नाहीत. पहिल्या भेटीत बारातांग वगळले तर फारसे बिघडत नाही.

बेटांवरून परतण्याची बोट विमानाच्या आदल्या दिवशीचीच धरावी. खवळलेल्या समुद्रात फेऱ्या रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही. चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल 2020 मध्ये सुरू झाली आणि इंटरनेट सुधारले, तरी छोट्या बेटांवर थोडी रोख जवळ असावी. सामान भरताना शंख-शिंपले बाजूला ठेवावेत: किनाऱ्यावरची पोवळी उचलणे बेकायदा आहे, काही शंखांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. दुकानात घेतलेल्या शंखाची पावतीही सांभाळून ठेवावी लागते.