सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसली तर

एअर सस्पेन्शनच्या गाडीत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर बहुधा तिथून हवा गळते आहे. फुग्याच्या घडीवर आणि पाइपच्या जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावा. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. रबराला बारीक भेगा पडतात त्या याच घडीत, म्हणून गाडी पूर्ण उंचीवर घेऊन घडी तपासावी. मात्र हवेच्या भरवशावर गाडीखाली अजिबात शिरू नका. आधी चॅसीला भक्कम घोड्या लावा, कारण फुगा फुटला तर गाडी क्षणात खाली येते.

फुग्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा आवाजच येत नसेल तर फ्यूज आणि रिले पाहा. तो सारखा चालत असेल तर मात्र दोष त्याचाच असेल असं नाही. गळतीची भरपाई करता करता तो तापतो आणि शेवटी जळतो. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो, आणि हा खर्च मोठा असतो. हवा टिकते पण गाडी वाकडी उभी राहते? मग गाडीची उंची मोजणाऱ्या हाइट सेन्सरची दांडी निसटली आहे का, ते पाहा.