बाझेलिट्झ यांची उलटी आकृती

महायुद्धोत्तर जर्मनीत चित्रकलेचे दोन प्रवाह प्रबळ होते : पूर्वेस समाजवादी वास्तववाद, पश्चिमेस अमूर्त कला. गेओर्ग बाझेलिट्झ (जन्म १९३८) यांनी दोन्ही नाकारले. पूर्व बर्लिनच्या कलाशाळेने त्यांना १९५७ मध्ये काढून टाकले; पश्चिम बर्लिनमध्ये १९६३ साली त्यांची दोन चित्रे अश्लीलतेच्या आरोपावरून जप्त झाली. १९६९ मध्ये रायस्की यांच्या एका वनदृश्याच्या आधारे त्यांनी वृक्ष उलटे रंगविले. पूर्ण झालेले चित्र फिरवून टांगणे ही त्यांची रीत नव्हे. आकृती मुळातच उलटी रंगविली जाते. परिणामी वस्तू ओळखू येते, परंतु तिचे कथन खंडित होते आणि दृष्टी रंग, रेषा व रचना यांवर स्थिरावते. आकृतीचा त्याग न करता तिला आशयाच्या सक्तीतून सोडविणे, हेच या विपर्यासाचे प्रयोजन होय.