आठ जणींची निवड

नवा चहा बाजारात आणण्यापूर्वी कंपनी सात-आठ गृहिणींना एका खोलीत बसवून दीड-दोन तास बोलतं करते. बाजार संशोधनाच्या भाषेत हा 'ग्रुप'. हजारोंच्या सर्वेक्षणात चार थापा खपून जातात. इथे एकीनेही थाप मारली तर बाकीच्या तिच्या मागे वाहवत जातात.

बायका जमवतो रिक्रूटर. त्याच्या हातात 'स्क्रीनर' ही छोटी प्रश्नावली असते. घरात कुणी जाहिरात, माध्यमं, संशोधन किंवा चहाच्या धंद्यात असेल तर ते घर बाद. मग आर्थिक स्तर. उत्पन्न विचारलं तर खरा आकडा क्वचितच मिळतो. म्हणून २०११ मध्ये आलेल्या 'एनसीसीएस' पद्धतीत मुख्य कमावत्याचं शिक्षण पाहतात आणि पंखा, फ्रिज, दुचाकी, शेतजमीन अशा ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजतात. त्यावरून ए१ ते ई३ अशी श्रेणी ठरते.

खरी मेख प्रश्न विचारण्यात आहे. "अमुक चहा पिता का?" म्हटलं की हवं ते उत्तर समोरचीला कळतं. त्यापेक्षा गेल्या महिन्याच्या किराण्यात काय काय आलं ते विचारावं. चहा, तेल, साबण यांच्या यादीत अस्तित्वातच नसलेलं एक नाव घुसवावं. "हो, तेही वापरते" म्हणणारीला तिथेच निरोप द्यावा.

तरी सराईत मंडळी शिरतातच. रिक्रूटरला बहुतेकदा माणशी पैसे मिळतात. ऐन वेळी कुणी गळलं की ओळखीची वहिनी हजर, उत्तरं पढवून. "सहा महिन्यांत ग्रुपला बसलात का?" याला ती ठामपणे "नाही" म्हणते. दोष रिक्रूटरला देतात, पण उद्या संध्याकाळपर्यंत आठ जणी हव्यात असा हट्ट वरूनच आलेला असतो. यावर उपाय म्हणजे दुसऱ्याच माणसाने फोन करून उत्तरं पडताळायची, ओट्यावरच्या डब्यांचा फोटो मागवायचा आणि दाराशी तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचे.

बोलकेपणाही तपासतात: जुन्या साडीचं काय काय करता येईल? एका शब्दात उत्तर संपलं तर ग्रुपमध्येही तसंच होणार. मात्र सासू-सून किंवा एकाच जिन्यावरच्या शेजारणी एकत्र बसवू नयेत. एक बोलते, दुसरी मान डोलावते.

आठ हव्या असतील तर दहा बोलवतात. दाराशी जिची उत्तरं डळमळतात तिला ठरलेलं मानधन देऊन परत पाठवतात.