ऊब आणि तिचे माप

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासून कडाक्याच्या थंडीचे जे चाळीस दिवस येतात, त्यांना तेथील लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या दिवसांत श्रीनगरला रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो आणि दल सरोवराच्या काठचे पाणी गोठू लागते. तरीही तेथील कारागिरांचे हात थांबत नाहीत. अक्रोडाच्या लाकडावर चिनाराची पाने कोरणारे कितीतरी कलावंत घरातल्याच एका खोलीत बसून काम करतात. थंडीने बोटे बधिर झाली की पटाशी घसरते. अनेक दिवसांची मेहनत क्षणात वाया जाते आणि कधीकधी हातालाही इजा होते. म्हणून खोली उबदार ठेवणे हा त्यांच्या चैनीचा नव्हे, तर पोटाचा प्रश्न आहे.

अशा खोलीसाठी विजेचा हीटर केवढा घ्यावा? ‘जेवढा मोठा तेवढा चांगला’ असे उत्तर चटकन सुचते. परंतु ते बरोबर नाही. मुलांनो, तळाशी भोक पडलेला एक रांजण डोळ्यांपुढे आणा. त्यातील पाण्याची पातळी कायम राखायची असेल, तर वरून किती पाणी ओतावे लागेल? जितके गळते तितकेच. खोलीचेही तसेच आहे. आतली उष्णता भिंती, छप्पर, खिडक्यांच्या काचा आणि दारांच्या फटी यांतून सारखी बाहेर जात असते. जितकी जाते तितकी हीटरने भरून काढली, म्हणजे ऊब टिकते.

ही गळती मोजता येते. तिचे माप वॅट हे आहे. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाच्या शरीरातूनसुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. आता ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी एक खोली घेऊ. बाहेरचे तपमान शून्याखाली ५ अंश आहे आणि आत १५ अंश हवे आहे; म्हणजे फरक २० अंशांचा झाला. विटांच्या साध्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, तपमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सुमारे २ वॅट उष्णता निसटते. भिंती व दार मिळून ३२ चौरस मीटर धरले, तर ३२ × २ × २० म्हणजे १२८० वॅट झाले. एकेरी काचेतून याच्या तिप्पट वेगाने उष्णता जाते. तेव्हा ३ चौरस मीटरच्या खिडकीतून ३६० वॅट गेले. पत्र्याखाली फळ्या ठोकलेल्या छपरातून सुमारे ४८० आणि फटींतून शिरणाऱ्या वाऱ्याबरोबर सुमारे ४०० वॅट जातात. जमिनीतून जाणारी थोडी उष्णता आपण सोडून देऊ. एकूण गळती २५२० वॅट झाली.

आता हीटर आणण्यापूर्वी रांजणाचे भोक लहान करू. लोकर, भुसा, कोंडलेली हवा हे सारे उष्णतेचे दुर्वाहक आहेत. छपराखाली असा जाड थर दिला, भिंतींना आतून थोडे अंतर सोडून फळ्या लावल्या, खिडकीला दुहेरी काच बसवली आणि निम्म्या फटी बुजवल्या, तर हीच गळती साधारण ११५० वॅटपर्यंत खाली येते. सकाळी गार पडलेली खोली लवकर तापावी म्हणून थोडी जास्त शक्ती हाताशी ठेवावी लागते. तरीही जेथे ३००० वॅटचा हीटर लागला असता, तेथे १५०० वॅटचा पुरतो. निम्मी वीज वाचते, आणि ती केवळ एका दिवसाची नव्हे, तर दर हिवाळ्याची.

गरजेहून लहान हीटर दिवसभर तापूनही खोली गारच राहते. मात्र गरजेहून मोठा हीटरही बरा नव्हे. त्याने हवा एकदम तापते आणि लाकूड झपाट्याने सुकून त्याला चिरा जाण्याची भीती असते. शिवाय १५०० वॅटच्या हीटरला २३० व्होल्टच्या दाबावर साडेसहा अँपिअर वीज लागते. दिव्या-पंख्यासाठी असलेले ६ अँपिअरचे छिद्रफलक ती सोसू शकत नाहीत. तारा तापतात, आणि भोवती लाकडाचा भुसा पडलेला असेल तर आग लागण्यास ठिणगीही पुरते. हीटरसाठी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणीच हवी.

काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी धरतो, म्हणजे विणलेल्या टोपलीत बसवलेली निखाऱ्यांची मातीची कुंडी. सारी खोली तापवण्यापेक्षा काम करणाऱ्याला ऊब देणे किती थोड्या इंधनात साधते, हे ती शिकवते. परंतु निखारे जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. फटी साफ बुजवलेल्या खोलीत तो प्राणघातक ठरतो. म्हणून जेथे कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जळते, तेथे धूर बाहेर नेणारे धुराडे आणि ताजी हवा आत येण्याची वाट ही हवीच. सर्व फटी बुजवू नयेत, त्याचे कारण हेच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. ऊब विकत घेतानाही खोली पाहून हीटर निवडावा. आणि त्याहीआधी खोलीतली ऊब कोठून निसटते, ते पाहावे.